नवा सर्व्हर, जुना प्रोग्राम आणि मधला कनेक्टर

या वेळच्या पत्रांमध्ये निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. मशीन बदललं किंवा होस्टिंगवाल्याने काहीतरी अपग्रेड केलं, आणि इतकी वर्षं गपगुमान चालणारा प्रोग्राम अचानक रुसला. म्हणून बाकीचे प्रश्न (प्रिंटरचे, वायफायचे, आणि "कोणता लॅपटॉप घेऊ" हा कायमचा) पुढच्या वेळी घेतो, आज फक्त डेटाबेस, म्हणजे प्रोग्रामची माहिती साठवणारी जागा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही डेटाबेसचीच नावं, एसक्यूएल ही त्यांना प्रश्न विचारायची भाषा, आणि पीएचपी, व्हीबी सिक्स या प्रोग्राम लिहायच्या भाषा.

प्रश्न (इतवारी, किराणा होलसेल): नमस्कार भाऊ. आमच्या दुकानाचं बिलिंग ओळखीच्या एका पोराने २०१३ मध्ये बनवून दिलं होतं, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये. कधी तक्रार नाही. दिवाळीच्या तोंडावर होस्टिंगवाल्याने डेटाबेस अपग्रेड केला, तेव्हापासून बिलं निघून राहिली पण पार्टीवाइज उधारीचा रिपोर्ट उघडतच नाही, लाल अक्षरात "ग्रुप बाय" असं काहीतरी येते. पोरगा आता पुण्याला नोकरीला. इथल्या दुसऱ्या एकाला दाखवलं तर तो म्हणतो डेटाबेसची भाषाच बदलली, सगळं नव्याने लिहावं लागेल. एसक्यूएल तर सगळीकडे सारखंच असते ना?

उत्तर: भाऊ, सगळं नव्याने लिहायची गरज नाही, निदान या रिपोर्टसाठी तरी नाही. आणि भाषा बदलली असंही नाही. झालं उलटंच, तुमचा डेटाबेस इतकी वर्षं नियम मोडून चालत होता आणि आता नियमाने वागायला लागला.

तुमच्या रिपोर्टच्या मागे जी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) असेल ती साधारण अशी असणार: पार्टीचं नाव दे, मोबाईल नंबर दे, रकमेची बेरीज दे, ग्रुप बाय पार्टीचं नाव, म्हणजे एका पार्टीची एकच ओळ कर. वाचायला सोपी आहे. पण समजा एका पार्टीची चाळीस बिलं आहेत आणि त्यांच्यावर मिळून तीन वेगवेगळे नंबर पडलेत, एक जुना, एक नवा, एक त्यांच्या पोराचा. नाव एक, बेरीज एक, पण ओळ एकच छापायची तर तीनपैकी नंबर कोणता छापायचा? जुनं मायएसक्यूएल हा प्रश्न विचारायचंच नाही, हाताला लागेल तो नंबर टाकून मोकळं व्हायचं, आणि तुम्हाला वाटायचं की रिपोर्ट बरोबर आहे. ५.७ व्हर्जन आलं ऑक्टोबर २०१५ मध्ये, तेव्हापासून "ओन्ली फुल ग्रुप बाय" नावाचा मोड आपोआप चालू असतो आणि अशी अर्धवट क्वेरी तो सरळ परत करतो. मोड आधीही होता, फक्त बंद असायचा. १९९२ च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्ये (सगळ्या डेटाबेस कंपन्यांसाठी ठरवलेला नियमांचा कागद) नियम कडक होता: जो कॉलम दाखवायचा तो एकतर ग्रुप बायमध्ये पाहिजे नाहीतर बेरीज, कमाल, किमान अशा एखाद्या फंक्शनच्या आत पाहिजे. १९९९ मध्ये तो थोडा सैल केला, की ग्रुप बाय प्रायमरी कीवर (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख असलेला कॉलम) केलं असेल तर त्या कीवरून पक्के ठरणारे बाकीचे कॉलम तसेच घ्यायला हरकत नाही. मायएसक्यूएल ५.७ ला ही सूटही कळते.

तर दुरुस्ती काय करायची. पार्टीचं वेगळं मास्टर टेबल असेल (असायलाच पाहिजे, पण २०१३ च्या पोराचा काय भरोसा) तर मोबाईल तिथून घ्या, बिलाच्या टेबलाशी जॉईन करा आणि ग्रुप बाय पार्टीच्या आयडीवर करा. जाणत्या माणसाचं तासाभराचं काम. मास्टर नसेल आणि कोणताही नंबर चालत असेल तर "एनी व्हॅल्यू" नावाचं फंक्शन आहे, त्यात मोबाईलचा कॉलम गुंडाळा, म्हणजे तुम्ही लिहून दिलं की यातला कोणताही दे, माझी तक्रार नाही. गंमत अशी की हे फंक्शन मायएसक्यूएलवाल्यांनी ५.७ मध्येच देऊन ठेवलं होतं, स्टँडर्डमध्ये ते आलं २०२३ साली, आणि त्याच वर्षी पोस्टग्रेसच्या १६ व्या व्हर्जनमध्येही आलं. कधी कंपन्या कागदामागे धावतात, कधी कागद कंपन्यांमागे.

कोणीतरी तुम्हाला म्हणेल, "काका, सेटिंगमधून तो मोड काढून टाकतो, दोन मिनिटं." रिपोर्ट उघडेल, हाव, पण मग वसुलीचा फोन कोणाला जाईल ते देवाला माहीत. दिवाळीच्या आठवड्यापुरतं निभवायचं असेल तर ठीक, त्याच्यापुढे नको.

अजून दोन गोष्टी पाहून घ्या. ५.७ पर्यंत ग्रुप बाय केलं की नावं आपोआप क्रमाने लागून यायची, ८.० मध्ये हे बंद झालं. तुमचा सर्व्हर ८.० वर गेला असेल तर रिपोर्ट दुरुस्त होईल पण पार्ट्या उलटसुलट क्रमाने येतील आणि मुनीम ओरडेल, तेव्हा ऑर्डर बाय आत्ताच लिहून घ्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या काळातली पोरं डेटाबेसला जोडायला पीएचपीची जी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं वापरायची ती २०१३ मध्येच, ५.५ व्हर्जनपासून, मोडीत निघाली आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० मधून पूर्ण काढून टाकली. तुमची बिलं अजून निघून राहिलीत म्हणजे एकतर पोराने नवीन मायएसक्यूएलआय नाहीतर पीडीओ वापरलं (शाबास) किंवा होस्टिंगवाल्याने पीएचपी अजून ५.६ वर ठेवलंय, ज्याचा सपोर्ट २०१८ च्या अखेरीस संपला. हे आजच विचारा. दुसरा प्रकार असेल तर रिपोर्टची भानगड किरकोळ आहे, खरा खर्च पुढे उभा आहे, कारण ज्या दिवशी तो पीएचपी बदलेल त्या दिवशी एकही पान उघडणार नाही. त्यातही धंद्याचं लॉजिक तेच राहतं, बदलावी लागते फक्त जोडणीची आणि क्वेरी चालवायची जागा, म्हणून "सगळं नव्याने" हे कोटेशन घ्यायच्या आधी दुसऱ्या एकाचं कोटेशन घ्या.

प्रश्न (कळमना, संत्र्याची अडत): आमच्या प्रोग्राममध्ये लॉटची प्रतवारी "रँक" नावाच्या कॉलममध्ये जाते. नवीन सर्व्हरवर टाकल्यापासून एंट्री सेव्हच होत नाही, सिंटॅक्स एरर. कोडमध्ये कोणी हातही लावला नाही, मग चूक आली कुठून?

उत्तर: कॉलमचं नावच नडलं. रांगेतल्या ओळींना क्रमांक देणं, मागच्या ओळीशी तुलना करणं, चालू बेरीज काढणं, ही विंडो फंक्शनं एसक्यूएलच्या २००३ च्या स्टँडर्डमध्ये आहेत. मायएसक्यूएलमध्ये ती यायला एप्रिल २०१८ चं ८.० उजाडलं, आणि येताना ती आपल्या नावांचं आरक्षण घेऊन आली. रँक, ग्रुप्स, लीड, लॅग, हे सगळे आता राखीव शब्द, म्हणजे कॉलमचं नाव म्हणून तसेच लिहिता येत नाहीत. "लीड" वाचून ज्यांच्या छातीत धस्स झालं ते सेल्सचं सॉफ्टवेअर चालवत असणार.

तात्पुरता उपाय म्हणजे क्वेरीत जिथे जिथे तो कॉलम येतो तिथे त्याला बॅकटिकमध्ये घालणे, कीबोर्डवर एस्केपच्या खालचं बटण. स्टँडर्डप्रमाणे इथे डबल कोट पाहिजे, पण मायएसक्यूएल डबल कोटला साधा मजकूर समजते, जोपर्यंत तुम्ही वेगळा मोड लावत नाही, म्हणून बॅकटिकच. कायमचा उपाय म्हणजे नाव बदलून "प्रत" वगैरे करणे. अपग्रेडच्या आधी मायएसक्यूएल शेलमध्ये एक अपग्रेड चेकर मिळतो, तो टेबलांची आणि कॉलमांची अशी नावं शोधून यादी देतो. तुमच्या प्रोग्रामच्या आत दडलेल्या क्वेऱ्या मात्र तो वाचत नाही, त्या माणसालाच शोधाव्या लागतात.

प्रश्न (धंतोली, पॅथॉलॉजी लॅब): दादा, आमचं रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, व्हीबी सिक्समधलं आहे. सर्व्हरचं मशीन बंद पडलं, नवीन घेतलं, इंजिनिअरने त्यावर नवीन मायएसक्यूएल टाकलं. आता काउंटरच्या पीसीवरून लॉगिनच होत नाही, "ऑथेंटिकेशन प्लगइन कॅशिंग शा टू पासवर्ड कॅनॉट बी लोडेड" असं येतं. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, मी स्वतः टाकून पाहिला. दोन दिवसांपासून पेशंटचे रिपोर्ट वर्डमध्ये टाईप करून राहिलो.

उत्तर: ताई, पासवर्ड बरोबरच आहे, आणि तुमच्या एसक्यूएलमध्येही काही बिघाड नाही. गोष्ट तिथपर्यंत पोहोचतच नाहीये. तुमचा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक तिसरा असतो, कनेक्टर किंवा ड्रायव्हर, तुमच्याकडे बहुतेक ओडीबीसीचा (विंडोजमधली डेटाबेसला जोडायची ठरलेली पद्धत) असेल. तो इन्स्टॉलेशनच्या दिवशी एकदा टाकला की पुन्हा कोणाला आठवत नाही, ना वेंडरला ना ग्राहकाला. नवीन सर्व्हर त्याच्याशी ज्या पद्धतीने ओळख पटवायला जातो ती पद्धत त्या जुन्या ड्रायव्हरला माहीतच नाही.

पूर्वी मायएसक्यूएल ज्या पद्धतीने पासवर्ड तपासायचं ती शा-वन नावाच्या सांकेतिक गणितावर उभी होती, ते आता कमकुवत मानतात. ८.० पासून शा-२५६ वरची नवीन पद्धत डिफॉल्ट झाली. पोस्टग्रेसवाल्यांनीही तेच केलं, २०२१ च्या १४ व्या व्हर्जनपासून तिथे एमडी फाईव्ह या जुन्या पद्धतीच्या जागी स्क्रॅम ही नवी पद्धत डिफॉल्ट आहे, आणि तिथेही जुनी क्लायंट लायब्ररी अशीच दारातून परत येते.

आज संध्याकाळी लॅब चालू करायची असेल आणि सर्व्हर ८.० असेल तर इंजिनिअरला सांगा की प्रोग्रामच्या युजरला "मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड" पद्धत लावून दे. लगेच चालेल. पण त्याला हेही विचारा की टाकलेलं व्हर्जन नेमकं कोणतं. ८.४, म्हणजे एप्रिल २०२४ चं लाँग टर्म व्हर्जन, त्यात ही जुनी पद्धत बंद करून ठेवलेली असते, मुद्दाम चालू करावी लागते, आणि ९.० मधून ती काढूनच टाकली आहे. ८.० चा स्वतःचा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचा. म्हणजे जुगाड आहे, पण मुदतीचा.

खरा इलाज ड्रायव्हर बदलणे. इथे एक मेख आहे ज्यात भलेभले इंजिनिअर अर्धा दिवस घालवतात. व्हीबी सिक्सचा प्रोग्राम ३२ बिटचा, विंडोज ६४ बिटचं, आणि माणूस सवयीने ६४ बिटचा ड्रायव्हर टाकतो, टेस्टचं बटण दाबतो, हिरवं येतं, आणि प्रोग्राम तरीही म्हणतो ड्रायव्हर सापडत नाही. कारण विंडोजमध्ये ओडीबीसीची सेटिंग करायचे दोन वेगवेगळे प्रोग्राम असतात, फाईलचं नाव दोघांचं एकच, आणि ३२ बिटवाला सिस-वॉव-६४ नावाच्या फोल्डरमध्ये असतो (नावात ६४ आणि आत ३२, मायक्रोसॉफ्टला कोण विचारणार). तिथून ३२ बिटचा ८.० चा ड्रायव्हर लावून घ्या. प्रोग्रामच्या कनेक्शनच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव व्हर्जनसकट लिहिलेलं असतं, तेही बदलावं लागेल. ती ओळ बाहेरच्या आयएनआय फाईलमध्ये (सेटिंगची साधी फाईल) असली तर तुमचं नशीब, एक्झीच्या, म्हणजे प्रोग्रामच्या मुख्य फाईलच्या, आत गाडलेली असली तर वेंडरला गाठावं लागेल. व्हीबी सिक्सच्या डेव्हलपमेंटचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्येच संपवला, त्यावर बनलेले प्रोग्राम अजून चालतात ही गोष्ट वेगळी. ते दुरुस्त करणारी माणसं कमी होत चाललीत, वेंडर सापडला तर त्याच बैठकीत सोर्स कोड मागून ठेवा.

प्रश्न (हिंगणा रोड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): सर, कॉलेजात अजून एसक्यूएल-९२ शिकवतात. आता २०२३ चं स्टँडर्ड आलं म्हणतात, शिवाय जीक्यूएल नावाची नवीन भाषा आली. एसक्यूएल जाणार का? इंटरव्ह्यूसाठी कोणतं करू?

उत्तर: जात नाही कुठे. आयबीएममध्ये १९७० च्या दशकात जन्मलेली भाषा आहे, १९८६ मध्ये अमेरिकेचं आणि १९८७ मध्ये आयएसओचं स्टँडर्ड झालं, मग ९२, ९९, २००३, २०११, २०१६ अशा आवृत्त्या येत गेल्या, जेसन (माहिती मजकुरात मांडायची एक पद्धत) २०१६ मध्ये आलं आणि ग्राफसारख्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या गोष्टींच्या जाळ्यावरच्या, क्वेऱ्या २०२३ मध्ये. जीक्यूएल हे आयएसओचं एप्रिल २०२४ चं वेगळं स्टँडर्ड आहे, ग्राफ डेटाबेससाठी, एसक्यूएलची जागा घ्यायला नाही.

कॉलेजच्या ९२ ला नावं ठेवू नको, जॉईन आणि ग्रुप बाय तिथलंच पक्कं लागतं, वर इतवारीच्या काकांचा प्रश्न वाच. त्याच्यावर विंडो फंक्शन आणि विथ क्लॉज कर, इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. फक्त हे लक्षात ठेव की स्टँडर्डमध्ये आलं म्हणजे डेटाबेसमध्ये आलं असं नसते. विंडो फंक्शन पोस्टग्रेसमध्ये २००९ ला आली, एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएलमध्ये थेट २०१८ ला. साधं "पहिल्या दहा ओळी दे" म्हणायचं तर मायएसक्यूएलमध्ये लिमिट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप, आणि स्टँडर्ड २००८ पासून म्हणते फेच फर्स्ट. कोण किती नियम पाळते हे तपासायचं काम अमेरिकेत एनआयएसटी ही सरकारी संस्था करायची, १९९६ ला तेही थांबलं, तेव्हापासून कंपनी म्हणेल ते खरं. म्हणून एक डेटाबेस खोल शिक, माझं मत पोस्टग्रेस, आणि दुसऱ्यात तेच करून पाहायची सवय ठेव.

प्रश्न (महाल, वाचनालय): पुस्तकांची मराठी नावं नवीन कम्प्युटरवर नुसती प्रश्नचिन्हं दिसून राहिली. डेटा गेला का?

उत्तर: घाबरू नका, पण नवीन एंट्री लगेच थांबवा. जुन्या एंट्र्या जुन्या पीसीवरून नीट दिसत असतील तर डेटा शाबूत आहे, नवीन मशीनचा कनेक्टर सर्व्हरशी चुकीच्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) बोलून राहिलाय, बहुधा लॅटिन वन. कनेक्शनमध्ये यूटीएफएट-एमबीफोर हा कॅरेक्टर सेट लावा. मात्र नवीन मशीनवरून जी नावं टाकली आणि प्रश्नचिन्ह म्हणून सेव्ह झाली, ती गेली, पुन्हा टाईप करावी लागतील. बऱ्याच जणांना माहीत नसते की मायएसक्यूएलचं जुनं नुसतं "यूटीएफएट" हे तीन बाइटपर्यंतच जाते. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटमध्ये मावते म्हणून आपलं काम आजवर निभावलं, अडते ते इमोजीला, त्याला चार लागतात. वाचनालयाला इमोजीचं काम नाही म्हणा, पण बदलतच आहात तर टेबलंही त्यातच करून घ्या. आधी बॅकअप.

प्रश्न (सक्करदरा, पतसंस्थेचे सचिव): महोदय, आमच्या संस्थेचे सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू आहे, तरी वेंडर दरवर्षी एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे मागतो. संचालक मंडळाचे म्हणणे, जे बिघडलेच नाही त्याचे पैसे कशाला? शिवाय गेल्या महिन्यात नवीन सर्व्हरवर डेटा चढवताना "चेक कन्स्ट्रेंट इज व्हायोलेटेड" आल्याने काम अडले. हा बिघाड वेंडरचा की आमचा?

उत्तर: सचिवसाहेब, आधी अडलेलं काम. तुमच्या वेंडरने टेबल बनवतानाच अट (चेक कन्स्ट्रेंट) लिहिलेली दिसते, उदाहरणार्थ हप्त्याची रक्कम शून्यापेक्षा जास्त पाहिजे. चांगलं केलं होतं. पण मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत, अशी अट वाचायचं, मान डोलवायचं आणि विसरून जायचं, एररही द्यायचं नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत कोणीतरी शून्य रकमेच्या किंवा उणे रकमेच्या एंट्र्या टाकल्या (चुकीची पावती उलटवायला क्लार्क लोक हे करतातच) आणि त्या बसल्या आत. आता नवीन सर्व्हरवर मूळ स्क्रिप्टने टेबलं बनवली, तिथे अट खरोखर लागू झाली आणि जुना डेटा दारात अडला. अट काढून डेटा चढवायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. अट मोडणाऱ्या ओळी जुन्या सर्व्हरवरून आधी वेगळ्या काढा, त्यांची यादी छापा आणि तुमच्या ऑडिटरपुढे ठेवा. काही उलट एंट्र्या असतील, त्या योग्य खात्यात जातील. एखादी वेगळीच निघाली तर ती आत्ता निघालेली बरी. बिघाड कोणाचा म्हणाल तर अट वेंडरने बरोबर लिहिली, पण ती लागते की नाही हे कधी तपासलं नाही, आणि एंट्र्या तुमच्या काउंटरवरून झाल्या.

एएमसीबद्दल माझं म्हणणं मंडळाला आवडणार नाही. तुमचं सॉफ्टवेअर बदललं नाही हे खरं, पण त्याच्या खालचं विंडोज बदलते, डेटाबेस बदलते, मधला ड्रायव्हर बदलते, नेटवर्कवरचं एन्क्रिप्शन बदलते. टीएलएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीची १.० आणि १.१ ही व्हर्जनं मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाली आणि मायएसक्यूएलने ८.०.२८ पासून काढून टाकली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १८ नंबरचा ओडीबीसी ड्रायव्हर आपोआप एन्क्रिप्शन मागतो आणि सर्टिफिकेट धड नसेल तर जोडतच नाही. यातलं काहीही तुम्हाला विचारून होत नाही. तेव्हा पैसे द्या, पण आत्ता देता तसे नाही. "सपोर्ट" एवढा एकच शब्द असलेल्या कागदावर सही करता म्हणून वेंडर फक्त फोन उचलायचे पैसे घेतो.

करारात असं लिहून घ्या की सर्व्हर आणि ड्रायव्हर यांची व्हर्जनं कोणती आणि त्यांचा सपोर्ट कधी संपतो याचा तक्ता वेंडर दरवर्षी एप्रिलमध्ये देईल. संपायच्या निदान सहा महिने आधी तो तुमच्या डेटाची कॉपी नवीन व्हर्जनवर चढवून दाखवेल, आणि त्या कॉपीवर तुमचा क्लार्क मागच्या मार्चचं ताळेबंद काढेल. जुन्या आणि नव्यातला आकडा पैशापर्यंत जुळला तर खरा सर्व्हर हलवायचा, नाही जुळला तर दुरुस्ती वेंडरच्या खर्चाने. सोर्स कोडची ताजी प्रत सीलबंद करून संस्थेच्या तिजोरीत राहील, वेंडरने धंदा बंद केला तरच उघडायची. याला वेंडर सहसा कां-कूं करतो, पण अशा अटी मान्य करणारे नागपुरात आहेत. तक्ता द्यायलाच तयार नसेल तर मात्र त्याला स्वतःलाच माहीत नाही की तुमच्याकडे काय टाकून ठेवलंय, आणि मग मंडळाने दुसरं कोटेशन मागवायला हरकत नाही.